मारियसची एकशे चौदा वाक्यं

“एवढं मोठं साम्राज्य, आणि एकाच्याही कपड्याला खिसा नाही.”

दिनेश पुटपुटला ते मला नीट ऐकू आलं, कारण मी त्याच्या खांद्यावर टोग्याची, म्हणजे रोमन अंगवस्त्राची, घडी बसवत होते आणि माझा कान त्याच्या हनुवटीखाली होता. तोंडात चार सेफ्टीपिना असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. दिनेशचं देवळाली गावात मेडिकल स्टोअर आहे आणि नाटकात तो सिनेटर आहे. रविवारी दुपारी दुकानावर बायकोला बसवून येतो, त्यामुळे मोबाईल कुठे ठेवायचा हा त्याच्यासाठी रोमपेक्षा मोठा प्रश्न होता.

“कमरेला खोच,” पिना संपल्यावर मी म्हटलं.

“खोचला की घसरत घसरत मांडीशी येतो. परवा भाषण चालू असताना व्हायब्रेट झाला, ताई.”

“तेवढ्याने तरी तुझ्या चेहऱ्यावर भाव आले.”

आम्ही शाळेच्या हॉलमध्ये तालीम करतो. शाळा नाशिकरोड स्टेशनच्या इतकी जवळ आहे, की सिनेटमध्ये कुणी “रोम वाचलं पाहिजे” असं ओरडलं, की पाठोपाठ मनमाडकडे जाणारी गाडी चाळीस मिनिटं उशिराने येत असल्याबद्दल खेद ऐकू येतो. आम्हाला सवय झाली आहे. त्या दिवशी मात्र कशाचीच सवय असल्यासारखं वाटत नव्हतं. कुणी खुर्चीवर बसलं की लगेच उठत होतं. तेजस्विनी, म्हणजे नाटकातल्या मारियसची बायको, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी पीत फिरत होती. नाट्यस्पर्धेला अकरा दिवस होते, आणि एक गोष्ट हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होती. फक्त ती कुणी बोलत नव्हतं.

अण्णांना नाटक आठवत नव्हतं.

अण्णा म्हणजे सावळीराम अण्णा. वय एकाहत्तर, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, तिथे तपासणीच्या खात्यात होते. सव्विसाव्या वर्षी त्यांनी वालदेवी नाट्यमंडळ काढलं, आणि तेव्हापासून मुख्य भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांच्याकडे. मंडळात दर तीन वर्षांनी निवडणूक होते. म्हणजे अण्णा खुर्चीवरून उठतात, “कुणाला यायचंय?” असं विचारतात, आणि परत बसतात.

बावीस वर्षांपूर्वी ते माझ्या दुकानात अंगरखा उसवून घ्यायला आले होते. मी ब्लाउज शिवते, नाटकाचे कपडे कधी शिवले नव्हते. शिवून दिले, मग तालमीला पिना लावायला गेले, मग कुणी आजारी होतं म्हणून प्रॉम्प्टिंगची वही माझ्या हातात आली. तिसऱ्या दिवशी मी एक वाक्य चुकीचं वाटतं असं म्हटलं. नववीतून शाळा सुटलेल्या बाईने असं म्हटल्यावर सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाले, “लताबाई, बरोबर आहे तुमचं. तुम्ही लिहीत का नाही?”

एवढंच. पण तोवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.

लोक विचारतात, नाशिकरोडच्या शिंपीणबाईला रोमचं काय पडलंय. मी म्हणते, आमच्या गल्लीत वॉर्डाच्या तिकिटावरून दोन मावसभाऊ चार वर्षं एकमेकांच्या दारावरून गाडी नेत नाहीत. त्यांना टोगे घाला, झालं रोम. वाचनालयाने रद्दीत काढलेलं एक जाडं पुस्तक मला मिळालं होतं. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे ते कुणी लिहिलं ते मला अजून माहीत नाही. त्यात मारियस भेटला. खेड्यातून आलेला शिपाईगडी, रोमचा सगळ्यात वरचा अधिकारी झाला, एकदा नाही, सात वेळा. त्याच्या हाताखाली तयार झालेला सुल्ला. पुढे सुल्ला मोठा झाला, पूर्वेकडच्या युद्धाची फौज त्याला मिळाली, आणि म्हाताऱ्या मारियसला ते सोसवेना. त्याने ठराव करवून ती फौज स्वतःच्या नावावर करून घेतली. मग सुल्ला तीच फौज घेऊन रोमवर चालून आला.

पण माझं नाटक त्या लढाईत नव्हतं. ते चार ओळींमध्ये होतं. सत्तरीला टेकलेला, अंगाने सुटलेला मारियस रोज मैदानात जाऊन पोरांबरोबर कसरत करायचा, शस्त्रं चालवायचा, घोड्यावर बसून दाखवायचा. लोक बघायला जमायचे. काहींना कौतुक वाटायचं, काहींना दया यायची. हे वाचलं तेव्हा मी ब्लाउजला हुक लावत होते. ते ब्लाउज दोन दिवस तसंच पडून राहिलं आणि गिऱ्हाइकाने मला फार सुनावलं.

कार्यकारिणीला नाटक नको होतं. शिंपीण लेखिका आणि विषय रोम, लोक हसतील असं म्हणाले. अण्णा म्हणाले, “हसू देत. मारियस मी करणार.” तिथे विषय संपला.

पहिल्या तालमीत अण्णा दोनदा अडकले. आम्ही म्हटलं, नवीन संहिता आहे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी एक अख्खं भाषण सोडून पुढचं म्हटलं. मी विंगेतून वाक्य दिलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मोठ्याने दिलं, तर ते दिनेशला ऐकू गेलं आणि गोंधळून त्यानेच म्हणून टाकलं. मग मी नुसते ओठ हलवायला लागले, आणि मारियस सगळ्या रोमला पाठ करून उजव्या विंगेशी बोलायला लागला. तेजस्विनी कॉलेजात शिकवते, ती म्हणाली, “दमलेत ते, उन्हाचा त्रास आहे.” दिनेश म्हणाला, “बी ट्वेल्व्ह. मी गोळ्या आणून देतो.” खरंच आणून दिल्या. त्या घ्यायचं अण्णा विसरले.

प्रॉम्प्टर ऐकू आला तर स्पर्धेत गुण जातात, ती भीती होतीच. त्याहून मोठी भीती अण्णांचीच होती. विंगेकडे बघणारा नट त्यांना चालायचा नाही. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी रंगीत तालमीच्या दिवशी एका चांगल्या नटाला एवढ्यासाठीच घरी पाठवलं होतं. तो माणूस पुन्हा कधी रंगमंचावर दिसला नाही. आता हे त्यांना कोण सांगणार?

उपाय रविराजने काढला. रविराज सुल्ला करायचा. वय चौतीस, अंबडच्या कंपनीत सुपरवायझर, शिफ्ट संपवून थेट तालमीला यायचा. अण्णांनीच त्याला अकरावीत असताना गणपतीतल्या एकांकिकेतून उचलून आणलं होतं. एके संध्याकाळी अण्णा भर प्रसंगात थांबले. त्यांचं वाक्य होतं, “ही फौज मी उभी केली.” ते येईना. रविराज एक पाऊल पुढे झाला आणि म्हणाला, “मला माहीत आहे तू काय म्हणणार, मारियस. ही फौज तू उभी केलीस, असंच ना?”

“हो!” अण्णा गरजले. “मी उभी केली!”

इतकं छान झालं, की आमचे दिवे सांभाळणाऱ्या नियाजने वरून टाळी वाजवली.

मग आम्हाला त्याची चटकच लागली. अण्णा अडकले की जो जवळ असेल तो त्यांचं वाक्य प्रश्नात घालून त्यांच्यापुढे ठेवायचा. दिनेश विचारायचा, “म्हणजे सिनेटने तुझा अपमान केला, असं तुझं म्हणणं?” तेजस्विनी विचारायची, “उद्याही मैदानात जाणार आहात, नाथ?” मी मूळ संहितेत कुठेही नाथ लिहिलेलं नाही, पण त्या वेळी चालवून घेतलं. घरी जाऊन मी तेवढी पानं बदलायची, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून टाईप करून आणायची आणि अण्णांच्या फाईलमध्ये जुनी काढून नवी घालायची. “थोडी डागडुजी केली,” असं म्हणायची. ते मान हलवायचे. लेखिकेने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाटक उसवायचं आणि त्याला डागडुजी म्हणायचं. पण शिंपिणीला हे काम नवं नाही. माणूस सुटला की आपण कपडा सैल करतो, त्याला वजन विचारत नाही.

याच सुमाराला अण्णांची स्कूटर चोरीला गेली. नियाजला ती बिटको चौकात दिसली, जिथे लावून अण्णा चालत घरी गेले होते. त्याने ती ढकलत नेऊन त्यांच्या दाराशी उभी केली आणि म्हणाला, “अण्णा, चोराला शरम आली वाटतं.” अण्णा खूश झाले. चौकीत जायचं राहिलं.

गुरुवारी आम्ही चौघं मुक्तिधामजवळच्या टपरीवर जमलो. मी, रविराज, दिनेश आणि नियाज. अण्णांना न कळवता मंडळाची अशी बैठक आजवर झाली नव्हती, त्यामुळे चहा पितानाही आम्ही रस्त्याकडे बघत होतो.

“ताई, तुम्ही सांगा,” दिनेश म्हणाला. “तुम्ही लेखिका.”

“तू औषधवाला. तुझं ऐकतील.”

“माझं? मी सर्दीची गोळी दिली तरी एक्स्पायरी डेट तपासतात ते.”

“भाभी सांगतील का?” नियाजने विचारलं. भाभी म्हणजे कुसाबाई, अण्णांच्या बायको.

“कुसाबाईंना माहीत असणारच,” मी म्हटलं. “रोज पाठांतर घेतात त्या. आपण त्यांना विचारत नाही, त्या आपल्याला सांगत नाहीत.”

मग दिनेशने ते काढलंच. “रवीला मारियस पाठ आहे. सगळा. रवीने मारियस करावा, सुल्ला मी ओढून नेईन. पहिल्यांदा बरं नाटक हातात आलंय, ताईंचं आहे, ते असं…” 

मला राग यायला हवा होता. पण आत कुठेतरी मला ते हवं होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. बावन्न वर्षांत हे माझं पहिलं काहीतरी होतं. अकरा महिने, रोज रात्री दुकान बंद केल्यावर लिहिलेलं.

रविराज कप खाली ठेवून म्हणाला, “अण्णांचा रोल मी करणार नाही. मी त्यांना पार नेईन. एक वाक्य पडू देणार नाही. फक्त त्यांना कळता कामा नये. शपथ घ्या सगळ्यांनी.”

“कशावर?” नियाज म्हणाला. “चहावर?”

आम्ही हसलो. आणि त्याच वेळी समोरून अण्णा गेले, चालत, हातात भाजीची पिशवी. त्यांनी आम्हाला बघितलं. आम्ही हात केला. त्यांनी हात केला नाही.

आणि त्या खिशांच्या रविवारी अण्णा उशिरा आले. दिनेशचा टोगा बसवून झाला होता. अण्णांनी टोगा घेतला नाही. काखेत दोन फायली होत्या, एक नवी, आणि एक माझ्या अक्षरातली जुनी, जी मी त्यांना पहिल्या दिवशी पाया पडून दिली होती. ती त्यांनी जपून ठेवली असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. कानाला लाल पेन्सिल होती.

“सगळे गोल बसा,” ते म्हणाले. “रवी, तू उभा राहा.”

रविराज उभा राहिला. माझ्या पिनांनी त्याचा टोगा फार सुंदर बसला होता, जुन्या साडीचा जांभळा काठ बरोबर छातीवरून गेला होता. मला उगाच वाटलं, आज तरी जरा वाईट बसायला हवा होता.

“मूळ संहितेत मारियसला एकशे चौदा वाक्यं आहेत,” अण्णा म्हणाले. आवाज खणखणीत होता. “काल मी आणि कुसा बसून मोजली. नव्या संहितेत एकोणचाळीस. त्यातली अकरा नुसती ‘हो’ आहेत.”



“सुल्लाला शहाण्णव होती. आता एकशे अठ्ठेचाळीस. म्हणजे बावन्न वाढली. दिनेश, तुला नऊ होती, आता एकतीस. बावीस वाढली. बावन्न आणि बावीस चौऱ्याहत्तर. माझी गेली पंचाहत्तर.” त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. “एकाचा पत्ता लागत नाही. ते कुणाकडे आहे?”

तेजस्विनीचा हात वर गेला. शाळेतल्या मुलीसारखा, कोपरातून. “माझ्याकडे, अण्णा,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

“रडायचं काम नाही. मैदानातलंच ना? ठेवा ते. बायकोकडे राहिलं तर हरकत नाही.” मग ते रविराजकडे वळले. “टपरीवर बसून ठरवलंत. मी बघितलं. अरे, तुला पाहिजे होतं तर मागायचंस. तोंडाने मागायचंस. रोज एकेक वाक्य माझ्या तोंडातून काढून घेतोस, तेही मला विचारल्यासारखं करून? मला वाटायचं पोरगं किती मान देतंय.”

“अण्णा, ऐसा नाही…” नियाज म्हणाला.

“नियाज, तू दिवे बघ.”

मी रविराजकडे बघत होते. त्याने एकदा बोलायला तोंड उघडलं. त्याला एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं, त्याला सर्वांत जास्त. तो म्हणाला, “चुकलं, अण्णा.”

“म्हणजे कबूल?”

“हो.”

“मग या नाटकात तू नाहीस. मंडळातही नाहीस. सुल्ला दिनेश करेल. अकरा दिवस आहेत.”

दिनेशचा मोबाईल मांडीत थरथरला. त्याने वरून हात दाबून धरला. रविराज माझ्यासमोर येऊन उभा राहिला, खांदा पुढे करून, पिना काढायला. माझी बोटं कापडावर नुसतीच फिरत राहिली. तो अगदी हळू म्हणाला, “ताई, काही बोलू नका. प्रयोग होऊ दे तुमचा. दिनेशभाऊंना मी घरी शिकवतो, त्यांनाही जमेल.”

“तुझं काय?”

“माझं काय, अजून खूप नाटकं आहेत.”

अण्णांनी याच्या निम्म्या गोष्टीवरून माणसं कायमची घालवलेली मला माहीत होती. यालाही माहीत होती. हा सोळा वर्षांचा असताना अण्णांनी याला पहिल्यांदा मिशी चिकटवली होती. आता हा घरी जाणार होता, आणि जाताना चोर म्हणून जाणार होता. आणि मी गप्प बसले, तर अकरा दिवसांनी लेखिका म्हणून माझं नाव पुकारलं जाणार होतं. मारियस “हो” म्हणेल, दिनेश घाम पुसत प्रश्न विचारेल, नाटक बरं की वाईट ते देवाला ठाऊक, पण ते होईल.

पहिली पिन निघाली. दुसरी निघताना माझ्या बोटाला लागली.

“लताबाई,” अण्णा मागून म्हणाले. ते जवळ आले होते. दोन्ही फायली त्यांनी छातीशी धरल्या होत्या आणि आता त्यांच्या आवाजातली गर्जना गेली होती. “मला एकच कळलं नाही. रवी तरुण आहे, त्याला घाई आहे, हे मी समजू शकतो. पण नाटक तुमचं आहे. हे मारियसचं भाषण वाचून मी तुम्हाला म्हटलं होतं, की माझ्या पंचेचाळीस वर्षांत मला असं भाषण मिळालं नाही. म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतं.”

“मग तुमच्या डोळ्यांदेखत हे त्याचे तुकडे करत होते, आणि तुम्ही बसून टाईप करून आणत होतात. का?”

“थोडी सोय बघितली, अण्णा.”

“कुणाची सोय?”

मी रविराजकडे बघितलं. तो मान हलवून नको म्हणत होता. तेजस्विनी जमिनीकडे बघत होती. दिनेश कुठेच बघत नव्हता. नियाज शिडीवर अर्ध्यात थांबला होता, ना वर ना खाली. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्या ओठांकडे, दोन महिने मी विंगेत उभी असताना बघायचे तसे, आता पुढचं वाक्य येईल म्हणून.

“तुमची,” मी म्हटलं. “रवीने काही घेतलं नाही, अण्णा. तुम्हाला आता वाक्यं आठवत नाहीत.”